लँटस सोडून ट्रेसिबा सुरू केलं, सहाव्या रात्री शुगर ५४. सवय व्हायला किती दिवस लागतात?

फळा_खडू (कराडजवळ), सोमवार रात्री ८.१०

नमस्कार. मी ३६ वर्षांची, टाइप १ डायबेटिस. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २००६ साली, बारावीच्या वर्षात निदान झालं. सुरुवातीची काही वर्षं ते दुधाळ इन्सुलिन होतं, तळहातांत घोळवून घ्यायचं. २०१२ पासून लँटस. म्हणजे तेरा वर्षं रोज रात्री साडेनऊला, मागचं आवरून झालं की मांडीत लँटस १८ युनिट, आणि जेवणाआधी नोव्होरॅपिड ५-६-६.

गेलं वर्षभर काहीतरी बिनसलं होतं. रात्री दोन-तीनला शुगर सत्तरपर्यंत घसरायची आणि संध्याकाळी सहाला, दुपारच्या डब्यानंतर काही खाल्लेलं नसताना, १८०-२०० वर गेलेली असायची. लँटस वाढवावं तर रात्र अवघड, कमी करावं तर संध्याकाळ हाताबाहेर. डॉक्टरांनी दोन महिन्यांची वही बघितली आणि म्हणाले, तुमच्या अंगात ते चोवीस तास पुरत नाही, शेवटचे तीन-चार तास कोरडे जातात. ट्रेसिबा घेऊन बघू. डोस १६ दिला आणि बजावलं की निदान चार दिवस आकड्याला हात लावायचा नाही.

मी हात लावला. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

गेल्या सोमवारी रात्री पहिला डोस, १६. मंगळवारी सकाळी उपाशीपोटी २१४. मंगळवारी पुन्हा १६, बुधवारी सकाळी २३६. आणखी एक गोष्ट मनात होती. लँटस घेताना मला दरवेळी बारीक आग व्हायची, आणि इतक्या वर्षांत ती आग म्हणजेच इन्सुलिन आत गेल्याची खूण झाली होती. ट्रेसिबाला काहीच जाणवत नाही. मला वाटलं पेन नीट चालत नाही, किंवा डोस फारच कमी पडतोय. बुधवारी १८ घेतलं. गुरुवारी सकाळी २२१, म्हणून रात्री २०. शुक्रवारी १६७. शनिवारी सकाळी ११८, आणि मी घरात सगळ्यांना सांगितलं की बसला डोस. शुक्रवार, शनिवार दोन्ही रात्री २०च.

शनिवारच्या रात्री ३.१० ला जाग आली ती गळा आणि उशी ओलीचिंब होऊन. ग्लुकोज पावडरचा डबा उशाशीच असतो. डबा हातात, झाकणही हातात, पण ते कोणत्या बाजूला फिरवायचं ते सुचेना. मी ते उलटं आवळत बसले होते. ह्यांना आवाजाने जाग आली. बोट टोचलं, ५४. तीन चमचे पाण्यात ढवळून दिले. पंधरा मिनिटांनी ६८. पुन्हा तीन चमचे. पावणेचारला ९७, मग दूध आणि अर्धी भाकरी. धाकटी दारात उभी राहून सगळं बघत होती.

काल रात्री घाबरून परत १६ वर आले. तरी आज शाळेत साडेबाराच्या सुमाराला, पोषण आहार वाढायच्या आधी, फळ्यावर आठचा पाढा लिहिताना खडू घसरायला लागला. पहिल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "बाई, तुमचा हात." तोच कपाटातून माझा डबा घेऊन आला. ६१ होती.

डॉक्टर सांगलीला असतात, माझी वेळ गुरुवारची आहे. सोळावर येऊनही शुगर का उतरते आहे? तुम्हाला हे इन्सुलिन अंगवळणी पडायला किती दिवस लागले? की सरळ लँटसवर परत जावं? आज साडेनऊचा डोस घ्यायचा आहे आणि पेन हातात धरायची भीती वाटते. एकोणीस वर्षांत असं पहिल्यांदा होतंय.

मिरज_लाईनमन, सोमवार रात्री ८.४०

ताई, बाकीचं नंतर. गुरुवारपर्यंत थांबू नका, आत्ताच दवाखान्यात फोन लावा. फोनवर नुसतं "शुगर लो होते" म्हणू नका. "टाइप १ आहे, इन्सुलिन बदललंय, दोन दिवसांत ५४ आणि ६१, आजचा डोस किती घेऊ" असं बोला. असं सांगितलं की निरोप डॉक्टरांपर्यंत जातो. आजचा आकडा त्यांच्याकडूनच घ्या, आम्हा कुणाकडून नाही. आणि आज रात्री दोनचा गजर लावून बोट टोचा.

आता सोळावर येऊनही का उतरते ते सांगतो. मी टाइप २, वय ६१, चौदा वर्षं इन्सुलिनवर, त्यातली सहा ट्रेसिबावर. मला हे कुणी समजावलं नव्हतं, मी स्वतः घरच्या रांजणावरून समजून घेतलं. आमच्या परसात आईच्या वेळचा रांजण होता, बुडाला पाझरायचा. रोज संध्याकाळी एक घागर ओतायची, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत असेल त्यातलं निम्मं पाणी गेलेलं असायचं. पहिल्या दिवशी ओतल्यावर एक घागर. दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी अधिक नवी एक, म्हणजे दीड. तिसऱ्या दिवशी पावणेदोन. चौथ्या दिवशी जवळजवळ दोनला आलं, आणि पुढे तिथंच थांबतं, कारण जेवढं ओततो तेवढंच पाझरतं. ट्रेसिबाचं तसंच आहे. अंगातलं निम्मं उतरायला सुमारे २५ तास लागतात आणि एका डोसाचा अंमल ४२ तासांच्याही पुढे जातो. लँटस चोवीस तासांच्या आत-बाहेर आटोपतं, म्हणून त्याचा हिशोब रोजच्या रोज मिटायचा.

आता तुमचे आकडे यात घालून बघा. मंगळवारी, बुधवारी शुगर चढली कारण लँटस संपलं होतं आणि रांजण अजून भरत होता. डोस कमी नव्हता, दिवस कमी होते. तुम्ही त्या भरत्या रांजणात घागर मोठी केली, लगेच आणखी मोठी केली. शनिवारी रात्री तो वीसच्या हिशोबाने जवळजवळ भरला. काल तुम्ही सोळा घेतलं, पण आत पाणी अजून वीसचंच आहे. ते सोळाच्या पातळीला यायला तीन-चार दिवस घेणार. तोवर जेवण टाळू नका आणि गाडीवर बसण्याआधी टोचून बघा. माझा स्वतःचा नियम आहे, नव्वदच्या खाली असली तर किल्लीला हात लावत नाही.

आणि घरच्यांना सांगून ठेवा, माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी, साखर काही ओतायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. शुगर लगेच चढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरात असावं का तेही विचारा. आमच्याकडे मागवून घ्यावं लागलं.

फळा_खडू, सोमवार रात्री ९.२५

काका, लगेच फोन केला. डॉक्टर स्वतः बोलले. म्हणाले आज रात्री ट्रेसिबा घ्यायचंच नाही, उद्या सकाळी साडेसहाला १४ घ्या आणि यापुढे सकाळचीच वेळ ठेवा. मला हे ऐकूनच धडधडायला लागलं. टाइप १ ला बेसल, म्हणजे दिवसरात्र पुरणारं इन्सुलिन, चुकवायचं नाही हे माझ्या हाडात भिनलंय. २००८ साली डोस चुकले होते, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारं आम्ल) वाढून चार दिवस दवाखान्यात होते. ते म्हणाले, ते इन्सुलिन वेगळं होतं, हे अजून अंगात आहे, पहाटे दोन आणि पाच अशी दोनदा शुगर बघा आणि अडीचशेच्या वर गेली तर मला उठवा. बघते. रांजणाचं ह्यांनाही वाचून दाखवलं.

नाशिकची_आई, सोमवार रात्री १०.०५

माझ्या मुलाला टाइप १, वय बारा. दोन वर्षांपूर्वी लँटसवरून ट्रेसिबावर आलो तेव्हा डॉक्टरांनी सुरुवातीलाच डोस वीस टक्के कमी केला होता. तरी पहिले तीन दिवस २५० च्या घरात गेले आणि मी रोज फोन करायचे, वाढवू का, वाढवू का. रोज एकच उत्तर, नाही. त्या चार दिवसांत मी जितकी चिडले तितकी निदान झालं तेव्हाही चिडले नव्हते. तुम्ही आकडा का वाढवला ते मला पूर्ण समजतं. सकाळी २३६ दिसत असताना हात बांधून बसायचं हे शिकवलेल्या सगळ्याच्या विरुद्ध आहे.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. फुटबॉलचा सामना असला की आधी आम्ही आदल्या रात्रीचं लँटस दोन युनिट कमी करायचो. ट्रेसिबात आदल्या रात्रीचं कमी केलेलं सामन्याच्या दिवशी पुरतं लागूच होत नाही, त्याचा परिणाम दोन दिवसांनी घरी बसलेला असताना दिसतो. आता ट्रेसिबा तसंच ठेवतो, खेळाआधीचं जेवणाचं इन्सुलिन कमी करतो आणि मध्यंतरात केळं. तुमच्या शाळेची सहल, क्रीडास्पर्धा, नवरात्रातले उपास, सगळीकडे हे लक्षात ठेवा.

अंगावर चिकटवून सतत शुगर दाखवणारा सेन्सर लावणार असाल तर आणखी एक. दंडावर सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की तो दाबला जातो आणि शुगर खोटी खोटी कमी दाखवतो. पहिल्याच आठवड्यात पहाटे ५८ बघून मी लेकराला झोपेतून उठवून ज्यूस पाजला, बोट टोचलं तर १३२. तुमचं ५४ बोटाचं आहे आणि घामही होता, म्हणजे ते खरंच होतं. पण पुढे रात्रीचा असा आकडा आला आणि अंगात काहीच जाणवत नसेल तर आधी बोट टोचा.

औषधवाला_बार्शी, मंगळवार सकाळी ७.१५

ताई, मी फार्मासिस्ट आहे. खोका जवळ घेऊन एकदा वाचा, त्यावर नुसतं डेग्लुडेक (ट्रेसिबातलं इन्सुलिन) आहे की डेग्लुडेक आणि अ‍ॅस्पार्ट दोन्ही? दोन नावं असतील तर ते ट्रेसिबा नाही, रायझोडेग आहे. त्यात सत्तर भाग लांब पल्ल्याचं आणि तीस भाग जेवणाचं इन्सुलिन असतं, ते झोपताना उपाशी घेतलं तर रात्री शुगर पडणारच. चिठ्ठीवरचं अक्षर वाचताना ही गल्लत झालेली मी पाहिली आहे.

आग होत नाही याची काळजी करू नका. लँटस आम्लधर्मी असतं, कातडीखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि ते हळूहळू विरघळतात, म्हणून काहींना चुरचुरतं. ट्रेसिबा तसं आम्लधर्मी नाही. पेन चालतंय का बघायचं तर दरवेळी आधी दोन युनिट हवेत सोडा, सुईच्या टोकाला थेंब दिसला की झालं. मग टोचल्यावर बटण शून्यावर आलं तरी सुई लगेच काढायची नाही, सावकाश सहापर्यंत मोजायचं. लँटसच्या पेनाला आपण दहा मोजतो.

उघडलेलं लँटस २८ दिवसांनी टाकून द्यायचं असतं, ट्रेसिबा ५६ दिवस चालतं, दोन्ही तीस अंशांच्या खाली. खोक्यावर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातच तीसच्या वर असतं, म्हणून गिऱ्हाइकांना सांगतो की फ्रीज नसेल तर पाणी भरलेल्या मडक्यात छोटी वाटी तरंगत ठेवा आणि पेन पिशवीत बांधून तिच्यात. न उघडलेली पेनं फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला टेकवून नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही.

लँटसच_बरं, मंगळवार दुपारी १.३०

मी दोन महिने घेऊन परत आलो. माझी शिफ्ट ड्युटी, एक आठवडा रात्रपाळी आणि एक आठवडा घरी, त्यामुळे बेसल लवकर कमी-जास्त करता येणं मला गरजेचं होतं. आता डॉक्टरांनी लँटसचेच दोन भाग करून दिलेत, सकाळी आणि रात्री. संध्याकाळची चढण गेली. परत जाणं म्हणजे हरणं नव्हे, ताई. पण निर्णय एका आठवड्यावर करू नका.

जर्सी_पुणेकर, मंगळवार रात्री ९.५०

मी न्यू जर्सीत, टाइप १, २२ वर्षं. मी लेव्हेमिर नावाचं दुसरं बेसल इन्सुलिन दिवसातून दोनदा घ्यायचे. २०२४ मध्ये ते इथल्या बाजारातून गेलं, म्हणून मला ट्रेसिबावर यावंच लागलं. परत जायला काही मागे उरलंच नव्हतं. मला डोस बसायला तीन आठवडे लागले. पहिला आठवडा नुसता पातळी भरण्यात गेला, पुढचे दोन जेवणाचं इन्सुलिन जुळवण्यात. हे दुसरं कुणी सांगत नाही. आधी तुमचं नोव्होरॅपिड संध्याकाळची लँटसची कमतरताही भरून काढत असेल. आता बेसल दिवसभर सारखं आहे, तर रात्रीच्या जेवणाचे ६ कदाचित जास्त होतील. ते जरूर विचारा.

फळा_खडू, तेरा दिवसांनी, रविवार सकाळी ७.०५

उशीर झाला, परीक्षांचे पेपर तपासायचे होते. पण ज्यांनी त्या रात्री लिहिलं त्यांना सांगायला हवं.

त्या सोमवारी मी ट्रेसिबा घेतलं नाही. झोप लागली नाही. पहाटे दोनला १०२, पाचला ११९, सकाळी साडेसहाला १३१. तेहतीस तास बेसल टोचलेलं नव्हतं आणि शुगर १३१. अंगात किती साठलं होतं ते त्या एका आकड्याने मला पटवलं. (कुणीही हे स्वतःच्या मनाने करू नका. मला डॉक्टरांनी माझे आकडे ऐकून सांगितलं होतं आणि त्यांचा फोन रात्रभर चालू होता.)

औषधवाले दादा, खोक्यावर नुसतं डेग्लुडेकच आहे, चष्मा लावून दोनदा वाचलं.

गुरुवारी सांगलीला गेले. डॉक्टर वही बघायच्या आधी म्हणाले, मांडी दाखवा. माझ्या उजव्या मांडीत, शिवणीच्या मशीनला बसताना टेकते तिथे, लिंबाएवढा मऊ उंचवटा आहे. मला तो चरबीचा वाटायचा. तेरा वर्षं मी पुन्हा पुन्हा तिथेच टोचत होते, कारण तिथे दुखायचं नाही. अशा गाठीतून इन्सुलिन कधी कमी उतरतं, कधी उशिरा, कधी एकदम. आणि ट्रेसिबा सुरू केलं त्या दिवशीच, नवीन इन्सुलिन म्हणून, मी जागा बदलून पोटावर घ्यायला लागले होते. म्हणजे एका दिवसात माझ्या दोन गोष्टी बदलल्या आणि मी एकच मोजत होते. डॉक्टर म्हणाले, तुमच्या लँटसच्या अठरामधलं नक्की किती अंगाला लागत होतं हे आता सांगता येणार नाही, म्हणून १८ हा आकडा विसरा. या गाठीचा विचार कुणाच्याच, माझ्याही, मनात आला नव्हता. तुम्ही सगळ्यांनी आज आंघोळीच्या वेळी आपापल्या जागा हाताने चाचपून बघा. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात.

आठवडाभर १४. शेवटच्या तीन सकाळी १५८, १४९, १६१ आल्या, तेव्हा त्यांनी १५ केलं. आता तीन दिवसांच्या सरासरीशिवाय आकडा बदलायचा नाही आणि बदलला तर एकानेच. जर्सीच्या ताई, तुमचं खरं निघालं, रात्रीच्या जेवणाचं ६ वरून ४ झालं. संध्याकाळी सहाची शुगर काल १२६ होती. वर्षभरात त्या वेळेला मी इतकी कमी बघितली नव्हती, आणि दुपारी शाळेतून आल्यावर वाटीभर पोहेही खाल्ले होते.

वहीत एक नवीन रकाना केलाय. आधी डोस आणि शुगर शेजारी शेजारी लिहायचे, त्यामुळे काल रात्री घेतलं आणि आज सकाळी दिसलं असंच डोळ्यांना वाटायचं. आता शुगरच्या पुढे मागच्या चार दिवसांचे डोस लिहिते, १५, १५, १५, १४ असे. त्या रांजणाचं चित्र धाकटीने पहिल्या पानावर काढून दिलं आहे, बुडाला थेंब गळताना. आता ती रात्री उठून दारात येत नाही. मधे दोनदा आली होती.

वर्गातल्या त्या मुलाला, आणि मग सगळ्यांनाच, बाईंना काय होतं ते नीट सांगितलं. डबा कुठे आहे, आधी काय द्यायचं, शेजारच्या वर्गातल्या सरांना कुणी बोलवायचं. दोन मुलांनी ते काम वाटून घेतलं आहे.

लँटसवर परत जात नाही, निदान तीन महिने तरी. पुढच्या आठवड्यात चौदा दिवसांचा सेन्सर लावणार आहे. नाशिकच्या ताई, मी डाव्या कुशीवर झोपते, म्हणून उजव्या दंडावर लावते, बरोबर ना?

आज सकाळी १०८. डोस १५, साडेसहाला, पोटावर डावीकडे.